हत्यार कोणाचें, दोष कोणाचा?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला उद्देशून वापरतों. परंतु ज्यानें अंगणहि स्वतःच्याच हातानें तयार केलें, त्यानें दोष कोणाला द्यावा? हा प्रश्न आम्हांला एका साध्या छंदानें घातला.

लेथवर लांकडी लेखण्या कातण्याचा आम्हांला नाद आहे. शिसवीच्या लहानशा ठोकळ्याला ७ मिलिमीटर व्यासाचें आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत पितळेची नळी चिकटवावयाची, ठोकळ्याचीं दोन्ही टोंकें नळीशीं काटकोनांत आणावयाचीं, आणि मग तो लेथवर फिरवीत पटाशीनें गोल करावयाचा. टोंक केसभर तिरपें राहिलें, तरी जोडणींत लांकूड व धातु यांमध्यें फट दिसते. टोंकें घासण्याचें तयार हत्यार बाजारांत मिळतें. आम्हीं तें न घेतां एका लांकडी चकतीच्या मध्यभागीं नळींत बसेल असा दांडा रोविला व भोंवतीं कांचकागद चिकटविला. पहिल्या चार लेखण्यांना फट पडली. साधन विकतचें असतें, तर दुकानदाराला नांवें ठेवून आम्ही मोकळे झालों असतों. आतां मात्र दांडा कलला होता तो आमच्याच हातून. तो सरळ करतांना काटकोन म्हणजे काय, हें आम्हांला पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच समजलें.

येथें कोणी म्हणेल, हत्यार करावयालाहि हत्यार लागतेंच. तुमचा लेथ तरी कोठें तुम्हीं केला? आक्षेप जुना आहे. सतराव्या शतकांत भिंगें घासण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्पिनोझानें बुद्धीच्या शुद्धीवरील आपल्या निबंधांत त्याचा विचार केला आहे. लोखंड घडवावयास हातोडा हवा, हातोडा घडवावयास दुसरा हातोडा हवा. म्हणून मनुष्याला लोखंड घडवितांच येत नाहीं, असें सिद्ध करूं पाहणें त्याला व्यर्थ वाटलें. माणसें निसर्गदत्त साधनांनीं प्रथम ओबडधोबड वस्तु कष्टानें करतात, आणि त्यांच्या साह्यानें पुढें अधिक चांगल्या. बुद्धीचेंहि तसेंच, असें त्याचें म्हणणें. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं, कीं या पायऱ्या चढतांना पूर्वसूरींचें ऋण फिटत नाहीं, आणि आपली जबाबदारी मात्र वाढत जाते.

हें आम्ही ज्या दिवशीं शिकलों, तो दिवस सुखाचा नव्हता. एका जुन्या कानशीला धार लावून आम्हीं पटाशी केली, व आपल्या काटकसरीचा थोडा गर्वहि केला. कानस अतिशय कठीण असते, आणि म्हणूनच ठिसूळ. तिचे दांते म्हणजे भेगेला आयतीच वाट. फिरत्या लांकडाचा झटका बसतांच ती मोडली, आणि शेजारीं कौतुकानें पाहत उभ्या असलेल्या आमच्या पुतण्याच्या कानाजवळून तिचा तुकडा भिंतीवर आदळला. मुलगा हंसला, आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

तेव्हांपासून आम्ही एक विवेक पाळतों. ज्याच्या चुकीची किंमत आपल्या वेळानें किंवा लांकडाच्या एका तुकड्यानें फिटते, तें साधन खुशाल घरीं करावें; ज्याची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यानें द्यावी लागेल, तें जाणत्याच्या हातचें घ्यावें. स्वावलंबन हा सद्गुण खरा. पण त्याची जोखीम न विचारतां दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणाला नाहीं. विकतच्या हत्याराबरोबर थोडी सबबहि विकत मिळते. घरच्या हत्याराबरोबर ती मिळत नाहीं, आणि आमच्या मतें हाच त्याचा मोठा लाभ आहे. ती चकती अजून आमच्या लेथशेजारीं असते. मोडक्या कानशीची मूठहि आम्हीं तिच्याजवळच ठेविली आहे.