बनारसच्या दोन सुना

आमचे एक विद्वान मित्र हल्ली व्यासपीठ मिळेल तिथे एकच सिद्धान्त मांडतात. पालिकांमधल्या आरक्षणाने बायकांना शिडी मिळाली. आज वॉर्ड, उद्या महापौरपद, परवा लोकसभा. 2023 मध्ये लोकसभा-विधानसभांसाठी 33 टक्क्यांचा कायदा झाल्यापासून तर त्यांना चेवच चढला आहे. (तो कायदा जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवलाय, हे बारीक अक्षरातलं कलम ते वगळतात.) दाखला म्हणून ते बनारस पुढे करतात. ठीक, बनारसच पाहू.

2017 मध्ये तिथलं महापौरपद ओबीसी महिलांसाठी राखीव झालं. भाजपने मृदुला जायसवाल यांना उभं केलं, काँग्रेसने शालिनी यादव यांना. पहिल्या शंकरप्रसाद जायसवाल यांच्या सूनबाई. ते बनारसचे तीनदा खासदार. दुसऱ्या श्यामलाल यादव यांच्या सूनबाई. तेही बनारसचे खासदार, शिवाय राज्यसभेचे उपसभापती राहिलेले. जागा राखीव बाईसाठी आणि लढत दोन सासऱ्यांची! मृदुला जायसवाल सहज जिंकल्या. दीड वर्षाने, हरलेल्या शालिनी समाजवादी पक्षात गेल्या आणि थेट पंतप्रधानांविरुद्ध त्यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली. आठवडाभरात पक्षाने ती काढून बीएसएफमधून बडतर्फ झालेल्या तेजबहादूर यादव यांना दिली. त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला, म्हणून पुन्हा शालिनी. मतं 1,95,159, क्रमांक दुसरा, पराभव पावणेपाच लाखांहून मोठा. 2023 मध्ये त्या भाजपवासी झाल्या. म्हणजे लोकसभेच्या दारापर्यंत गेली ती हरलेली, आणि तीही दुसऱ्याचा अर्ज बाद झाला म्हणून. जिंकलेल्या महापौर त्या वाटेला गेल्याच नाहीत. ही कसली शिडी?

इथे घराणेशाहीला चार शिव्या हासडाव्यात असं मनात होतं. पण काशीतच अहिल्याबाई आडव्या आल्या. विश्वनाथाचं आजचं देऊळ 1780 मध्ये उभं केलं ते होळकरांच्या सुनेनेच. मल्हाररावांची सून झाली नसती तर चौंडीच्या शिंद्यांच्या मुलीकडे माळव्याचा कारभार कधी आला असता? घराण्यातून येणं हाच गुन्हा असेल तर पहिला खटला तिच्यावर भरा. तसा तो आपण भरत नाही, कारण सासऱ्याने सुनेला कारभार शिकवला आणि पुढे खजिना खरोखरच तिच्या हाती आला. तेव्हा बाई कुठून आली हा प्रश्न मला दुय्यम वाटू लागलाय. तिच्या हाती काय दिलं, ते सांगा.

बनारसच्या महापौरांच्या हाती काय होतं? निवडून यायचं थेट शहराच्या मतांवर. रोजचा कारभार मात्र राज्य सरकारने नेमलेल्या नगर आयुक्ताचा. मृदुला जायसवाल यांच्याच कारकिर्दीत देवळाभोवती विश्वनाथ धाम उभं राहिलं. लाहोरी टोल्यातली घरं, गल्ल्या जमीनदोस्त झाल्या. शहराचं काळीज बदललं, पण ते काम महापालिकेचं नव्हतंच; राज्याने त्यासाठी वेगळी परिषद नेमली होती. मुंबईकरांनी हसू नये. आपल्याकडेही 1888 च्या कायद्यापासून कारभार आयुक्ताच्याच हाती, हाच खाक्या आहे.

याउलट डेन्मार्कच्या रिट बिएरगॉर. शिक्षणमंत्री, युरोपीय आयोगात पर्यावरण आयुक्त, अन्नमंत्री, आणि एवढं सगळं झाल्यावर 2006 मध्ये कोपनहेगनच्या महापौर. आपल्याकडे याला अडगळीत टाकणं म्हणतील! महिना 5,000 क्रोनर भाड्याची 5,000 घरं पाच वर्षांत, असं वचन त्यांनी दिलं होतं. ते पार फसलं, त्यावरून त्यांची भरपूर शोभा झाली आणि एका मुदतीनंतर त्या थांबल्या. मला त्या फजितीचा हेवा वाटतो. बनारसच्या महापौरांना फसण्याइतकीही सत्ता कुणी दिली नव्हती.

मित्र आता मृणाल गोऱ्यांचं नाव काढतील. 1961 मध्ये नगरसेविका, 1972 मध्ये आमदार, 1977 मध्ये खासदार, शिडीच की! पण विरोधी बाकावरच्या त्या नगरसेविकेजवळ खजिना नव्हता, होते ते गोरेगावच्या बायकांचे रिकामे हंडे. पुढे महागाईविरोधात लाटणी आली, आणीबाणीत तुरुंग आला. आणि दिल्लीहून त्या खालीच उतरल्या की. 1986 मध्ये विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधेयक मांडलं ते आमदार मृणाल गोऱ्यांनी. दोन वर्षांत महाराष्ट्राने देशातला पहिला तसा कायदा केला. दिंडोशीत नागरी निवाऱ्याची घरं उभी राहिली, तीही पदाच्या जोरावर नव्हे. मृणालताईंवर माझी भक्ती आहे. तरीही प्रत्येक बाईने आधी मृणालताई व्हावं आणि मगच महापौर, ही अट मला मान्य नाही. पुरुष उमेदवाराकडे कोण मागतं हंडा मोर्चाचा दाखला?

2023 मध्ये बनारसचं आरक्षण उठलं. भाजप, समाजवादी आणि काँग्रेस, तिघांनीही महापौरपदासाठी पुरुषच उभे केले. भाजपचे अशोक तिवारी निवडून आले. नगर आयुक्ताचे अधिकार जिथल्या तिथे आहेत.