मार्जार आणि अदत्तादान

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर (जैन) हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. जिथे पाणी गाळून प्यावे, चालताना पायाखालची मुंगी पाहावी, सूर्यास्तानंतर चूल पेटवू नये, असे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, अशा गावातील एखाद्या घरी भर दुपारी मांजरीने दुधात तोंड घातले, तर जो प्रश्न उपस्थित होतो तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. ‘शुक शुक’ करून तिला हाकलता येते. पण तिच्यावर चोरीची फिर्याद दाखल करण्याचा अधिकार आपणास पोहोचतो काय, याचा निवाडा इतक्या सहज होत नाही.

मांजर माणसाच्या अन्नापाशी आली कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. तिचे पूर्वज पश्चिम आशियातील रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मनुष्य धान्याचा संचय करू लागला, त्या संचयापाशी उंदीर जमले, आणि उंदरांमागोमाग हे जनावर आपण होऊन वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या एका थडग्याशेजारी पुरलेले मांजरही सापडले आहे. तिचा देह मांसावर पोसणारा. गोडी ओळखण्याची शक्ती तिच्या जिभेला नाही, म्हणून शाकाहारी घरात ती शिऱ्यातील साखरेसाठी येत नाही, त्यातल्या तुपासाठी येते. रानात ती दिवसभरात लहान लहान सावजे अनेकदा धरून खाते. थोडे आणि वारंवार खाणे हा तिचा देहधर्म आपल्या दोन वेळच्या पंगतीशी जुळत नाही. आणि तिच्या याचनेचे रहस्य तर हृदयाला हात घालणारे आहे: मोठी झालेली मांजरे आपसांत क्वचितच ‘म्याऊ’ म्हणतात, पिलू आईला जी हाक घालते, तीच हाक मांजर जन्मभर माणसासाठी राखून ठेवते. २००९ साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, अन्न मागणाऱ्या मांजरीच्या गुरगुरण्यात तान्ह्या मुलाच्या रडण्याशी मिळताजुळता एक उंच स्वर मिसळलेला असतो.

जैन आचार्यांनी हाच विषय निराळ्या अंगाने, परंतु तितक्याच बारकाईने हाताळला आहे. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा त्यांनी संसारी जीवमात्राच्या ठायी मानल्या. नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात आहारसंज्ञेची कारणे दिली आहेत: अन्न दृष्टीस पडणे, त्याच्याकडे चित्त लागणे, पोट रिकामे असणे आणि दुःख भोगावयास लावणाऱ्या असातावेदनीय कर्माची उदीरणा (मुदतीआधी उदय) होणे. भाकरीवर तूप वाढले जात असताना चुलीपासून हातभर अंतरावर, शेपटी पायांभोवती घट्ट गुंडाळून, पळीच्या किंचित आवाजासरशी एक कान तिकडे वळवीत बसलेली मांजर ज्याने पाहिली आहे, त्याला यातील पहिल्या तीन कारणांसाठी वेगळा पुरावा नको.

तथापि पशू केवळ देहधर्माने चालतो, त्याला विवेक कसला, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय या परंपरेत नाही. ज्या पार्श्वनाथाची मूर्ती शिरपुरात आहे, तो पूर्वीच्या एका भवात वज्रघोष नावाचा हत्ती होता. अरविंद मुनींच्या उपदेशाने त्याने श्रावकाची व्रते घेतली, आणि इतर हत्तींनी मोडून टाकलेल्या वाळक्या फांद्या व पाने खाऊन तो राहू लागला, अशी कथा गुणभद्राच्या उत्तरपुराणात आहे. मन असलेला पंचेंद्रिय पशू श्रावकाच्या अणुव्रतांपर्यंत चढू शकतो, हा केवळ कथेचा नव्हे, सिद्धांताचाही भाग आहे. मग हत्तीला जे साधले ते मांजरीला का साधू नये, आणि साधणे शक्य असताना तिने व्रत मोडले असे का म्हणू नये?

माझ्या मते उत्तर असे आहे. उमास्वातींनी न दिलेले घेणे ही चोरी ठरविली, आणि टीकाकारांनी तिच्या मुळाशी प्रमत्त, म्हणजे बेसावध, चित्ताचा योग असावा लागतो, हे स्पष्ट केले. व्रत मोडण्यास आधी ते घेतलेले असावे लागते, आणि घेण्यास कोणी ते समजावून सांगावे लागते. हत्तीला मुनी भेटले. मांजरीला आपल्याकडून केवळ लाटणे भेटले. ती दबकत येते, मागे वळून पाहते, यात आपल्याला अपराधाची जाणीव दिसते. वस्तुतः ती भयसंज्ञा आहे. समोर कोणी असले की तीच मांजर ओरडून मागते आणि कोणी नसले की घेते. तिच्या लेखी या दोन कृतींत अंतर नाही. ते अंतर आपण आणले, कारण या प्रसंगी आहारसंज्ञा तिची असली तरी परिग्रहसंज्ञा आपली आहे.

मालकी आणि वहिवाट यांचा भार मनुष्यावर किती असतो, हे शिरपूरने जितके पाहिले तितके थोड्याच गावांनी पाहिले असेल. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा १९०५ साली वाटून घेतल्या. तरीही मंदिराच्या हक्काचा वाद अकोल्याच्या न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ साली तेथे निकाल झाला, आणि तरीही १९८१ पासून मंदिरास कुलूप पडले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये निघाले. दोन्ही बाजूंची भक्ती खरी आहे, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच ज्याने सर्वस्व सोडले त्याच्या पायाशीही ‘आमचे’ हा शब्द सुटत नाही, याचे दुःख अधिक होते. दुधाच्या पातेल्यावरील आपला हक्क याहून अधिक निर्मळ असेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

याच गावी २०२२ साली दिगंबर आचार्य विद्यासागरांचा चातुर्मास झाला. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. तोंडाने मागत नाहीत, आणि विधिपूर्वक दिल्यावाचून स्वीकारीत नाहीत. मूलाचार या ग्रंथात आहाराचे जे अंतराय, म्हणजे जेवण थांबविणारे अडथळे, सांगितले आहेत त्यांत एक असा: कावळ्यासारख्या प्राण्याने हातातील घास हिरावून नेला, तर मुनीने त्या दिवसाचे जेवण तेथेच संपवावे. त्या प्राण्याला दंड सांगितलेला नाही. ज्याचा घास गेला त्यानेच हात आवरायचा, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयात सर्वांत मोलाची वाटते. कारण येथे भुकेचा वाद दोन जीवांमध्ये उरतच नाही.

गृहस्थाला अर्थात इतके झेपणारे नाही, आणि शास्त्राने त्याला भाबडे होण्यासही सांगितलेले नाही. मांजर पाळणे हे स्वामिकार्तिकेयानुप्रेक्षेत अनर्थदंडात, म्हणजे निष्प्रयोजन पापात, गणले आहे, आणि हेमचंद्रांच्या योगशास्त्रात द्रव्यासाठी मांजरादी प्राणी पोसणे श्रावकाला वर्ज्य सांगितले आहे. कारण तिला पोसणे म्हणजे उंदीर-चिमण्यांच्या मरणाला आपला हातभार लावणे. दयेला दया आडवी येते असा हा खरा पेच आहे, आणि तो सोडविल्याचा दावा मी करणार नाही. परंतु दारात आलेल्या भुकेल्या जीवाला करुणादान म्हणून चार घास बाहेर ठेवणे आणि व्यापारासाठी त्याला पोसणे, या गोष्टी वेगळ्या आहेत. राहिले दुधाचे पातेले. अन्न झाकून ठेवावे, म्हणजे त्यात माशी-मुंगी पडून मरणार नाही, हा यत्नाचार जैन घरांत लहानपणापासून शिकविला जातो. ज्या दुपारी मांजरीने दूध प्याले, त्या दुपारी पातेल्यावर झाकण नव्हते, आणि प्रमाद शोधायचाच असेल तर शोध तेथून सुरू करावा लागतो.