सकाळचा अफेब्राइल

राऊंडच्या आधी सिस्टर तापमान-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरते आणि मोठ्या डॉक्टरांना सांगते, "पेशंट अफेब्राइल आहे." म्हणजे ताप नाही. शेजारी स्टुलावर रात्रभर बसलेल्या बाईला एवढं कळतं की कालपर्यंत नुसतं फेब्राइल होतं, आज काहीतरी बदललं. ती लगेच घरी फोन लावते.

फेब्राइल-अफेब्राइल ही वाटणी पाऱ्याच्या भरवशावर होऊ लागली ती १९व्या शतकात. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतलं तापमान नोंदवून १८६८ साली ग्रंथ छापला. ताप हा स्वतंत्र रोग नव्हे, रोगाचं लक्षण आहे, ही समज त्यातून पक्की झाली. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपलं ९८.६, हा आकडाही त्यांचाच. मात्र निरोगी शरीरही दिवसभर एका आकड्यावर राहत नाही. पहाटे ते सर्वांत थंड असतं, संध्याकाळी अर्धा अंश तरी चढतं. त्यामुळे सकाळचा अफेब्राइल सगळ्यांत स्वस्त. जुन्या बायका 'दिवेलागणीला अंगात कसर असते' म्हणायच्या आणि क्षयाच्या शंकेने धास्तावायच्या. सकाळच्या चार्टमध्ये ती कसर सापडली नसती. खूप म्हाताऱ्या माणसांत तर जंतुसंसर्ग होऊनही अंग तापत नाही. आजी नुसती बरळायला लागते.

डेंग्यूची तऱ्हा याहून वाईट. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घाम येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात; आणि नेमक्या त्याच सुमाराला काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. प्लेटलेट उतरतात, रक्त घट्ट होतं. अशा वेळी सारखं पोट दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, पेशंट मलूल होऊन पडणं, यांतलं काहीही दिसलं तर थर्मामीटर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

म्हणूनच डेंग्यूच्या पेशंटला घरी सोडण्यापूर्वी ४८ तास ताप नसावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. शिवाय प्लेटलेट वर सरकताना दिसायला हव्यात. बिलाच्या खिडकीपाशी "ताप गेला, तरी अडकवून का ठेवलंय?" असा आवाज रोज चढतो. बिलाबद्दल भांडायला हरकत नाही. पण डेंग्यू असेल तर ते दोन दिवस मात्र मुकाट्याने द्यावेत.