अपत्याचे कर्ज आणि पित्याचा धर्म

केवळ पुत्रधर्म म्हणून पित्याचे कर्ज फेडण्याचे जे बंधन हिंदु विधीने शतकानुशतके मानले, ते हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरते संपुष्टात आणले. परंतु अपत्याच्या पहिल्या गृहकर्जास जामीन राहणारा पिता मात्र, १८७२ च्या करार कायद्यान्वये, करारात अन्यथा नसल्यास, ऋणकोइतकाच जबाबदार ठरतो. मग वात्सल्याचा धर्म कोणता? माझ्या मते, कर्जखत अपत्यासमवेत कलमवार वाचावे, बदलत्या व्याजदराने मुदत कशी लांबते हे दाखवावे, हप्ता भरून संसारास काय उरते याचा हिशेब मांडावा आणि स्वतःचे वार्धक्य परावलंबी होणार नाही एवढेच द्रव्य निरपेक्षपणे द्यावे. निर्णय मात्र अपत्याचाच असावा, कारण दानासोबत स्वामित्व राखणे हा दानाचाच लोप होय.