सीझरचा लाल टाय

अभिजात नाटक आजच्या कपड्यांत उभं केलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, 'पार वाट लावली'; दुसरा म्हणतो, 'आता कुठे नाटकात जीव आला'. भांडण चालतं ते कपडेपटावरून.

खरं तर ज्याला आपण परंपरा म्हणतो तो इतिहासशुद्ध पोशाखच अलीकडचा. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'चं १५९५च्या सुमाराचं मानलं जाणारं एक रेखाटन आहे. त्यात टायटस रोमन वस्त्रांत, आणि मागचे भालेकरी चक्क त्या काळच्या इंग्रज वेशात! लंडनमध्ये १८२३ साली नट चार्ल्स केंबलने 'किंग जॉन'साठी जुने पोशाख अभ्यासून शिवून घेतले, तेव्हा कुठे ती चाल रुजू लागली. आपल्याकडे बालगंधर्वांची रुक्मिणीही नऊवारीच नेसायची, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

तेव्हा कोट की झगा, हा वाद सोडून देऊ. नाटक उभं असतं ते पेचावर. पात्रांना जखडून ठेवणारं काहीतरी त्यांच्या जगात असतं. काळ बदलला तर नव्या काळात तितकंच घट्ट जखडणारं काही सापडतं का, हे पाहायला हवं.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ते सापडलं होतं. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'वरून केलेल्या त्याच्या 'सीझर'मध्ये लष्करी गणवेश होते, मागे रंगमंचाची उघडी भिंत होती. त्यातला सिना कवी हा गरीब माणूस. सीझरच्या खुनाच्या कटातल्या सिनाचा नामबंधू, एवढाच त्याचा गुन्हा. जमाव त्याला घेरतो. तो खिशातून कवितांचे कागद काढून वाटू लागतो, घेराव आवळत जातो आणि तो त्यात गडप होतो. मुसोलिनी-हिटलरच्या त्या दिवसांत प्रेक्षकांना झुंड ओळखू आली.

त्याच शहरात २०१७ साली सेंट्रल पार्कमध्ये हेच नाटक झालं. सीझरचे केस पिवळे, सूट निळा, टाय लांबलचक लाल. म्हणजे थेट ट्रम्प. दोन बड्या कंपन्यांनी पाठिंबा काढला, एका प्रयोगात निदर्शक रंगमंचावर चढले. वास्तविक नाटक बजावतं की हत्येने लोकशाही वाचत नाही. मारेकऱ्यांच्या हाती यादवी येते. पण तिसऱ्या अंकातल्या खुनाच्या गलबल्यात पुढचे दोन अंक ऐकतो कोण? इतकं हुबेहूब साम्य साधलं की प्रेक्षक माणूस ओळखतो आणि तिथेच थांबतो.

आता देवलांचं 'शारदा' घ्या. १८९९चं नाटक. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. ते पुण्यातल्या आजच्या फ्लॅटमध्ये आणलं, तर पहिल्याच अंकात कुणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन लावेल आणि नाटक संपेल. तेच बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळीत नेलं, तर पेच पुन्हा आवळतो. मुकादमाची उचल अंगावर, आईबाप कित्येक महिने फडावर, वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? शिवाय लग्न झालं की नवराबायको मिळून एक 'कोयता', म्हणजे तोडणीची एक जोडी, धरली जाते.

पण याची किंमत मोजावी लागते. या टोळीतला कांचनभट लोभी उरत नाही, तो लाचार होतो. देवलांनी ज्याची टर उडवली, त्याची कीव येऊ लागते. सगोत्र निघाल्यामुळे लग्न मोडण्याची मूळ सुटकाही इथे चालत नाही; दिग्दर्शकाला दुसरी शोधावी लागेल, किंवा सुटका नाही असं सांगण्याचं धाडस करावं लागेल.

असं धाडस करणाऱ्याने खुशाल जीन्स घालाव्यात. नुसते कपडे बदलून काळ बदलल्याचं समाधान ज्याला हवं आहे, त्याने मात्र जुने शालूच राहू द्यावेत. ते निदान दिसायला तरी देखणे असतात.