मत हवाली करता येत नाही

२०२४ साली भंडारा-गोंदिया मतदारसंघाने सात महिन्यांत दोन कौल दिले. १९ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले आणि ४ जूनला मोजणी. काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांनी भाजपचे खासदार सुनील मेंढे यांचा ३७,३८० मतांनी पराभव केला. २० नोव्हेंबरला याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केले, तेव्हा मतदारसंघातल्या सहा जागांपैकी पाच महायुतीने जिंकल्या. सहावी जागा साकोलीची. तिथे काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांना २०८ मतांनी निसटता विजय मिळाला.

या उलथापालथीची कारणे लगेच पुढे आली. लोकसभेला संविधानबदलाची भीती होती, कुणबी, पोवार आणि तेली मतांची विभागणी होती, धानाच्या भावाची नाराजी होती. विधानसभेला लाडकी बहीण योजना आली आणि स्थानिक उमेदवारांचे स्वतःचे वजन कामी आले. या प्रत्येक कारणात तथ्य आहे. तरी एक आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. २०१९ मध्ये मेंढे यांनी राष्ट्रवादीचे नाना पंचबुद्धे यांच्यावर १,९७,३९४ मतांची आघाडी घेतली होती. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. भंडारा-गोंदियात हा पक्ष ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते प्रफुल्ल पटेल अजित पवारांसोबत भाजपच्या बाजूला आले आणि मेंढे यांच्या प्रचारात उतरले. प्रतिस्पर्धी पक्षाचा सगळ्यात मोठा नेताच आपल्या मंचावर आल्यावर आघाडी वाढायला हवी होती. ती वाढली नाहीच, उलट दोन लाखांची आघाडी जाऊन सदतीस हजारांनी पराभव झाला.

नेते एकत्र आले की मतदार आपोआप एकत्र येतात, हे आपल्याकडच्या आघाड्यांचे मूळ गृहीतक आहे. जागावाटपाची सगळी चर्चा त्यावरच चालते. ‘आमची एवढी मते आम्ही तुमच्याकडे वळवतो’ असे एक पक्ष सांगतो आणि दुसरा ते खरे मानतो. भंडाऱ्याने हे गृहीतक एकदा नव्हे, अनेकदा खोटे ठरवले आहे. आणि त्याची पहिली मोठी परीक्षा ज्यांना द्यावी लागली, ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ती हकिगत नीट सांगण्यासारखी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते गोंदियाच्या मूळजी सिक्का आणि कंपनी या विडी उत्पादक पेढीचे भागीदार होते, आणि सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवण्याचा करार या पेढीने केला होता. मोरेश्वर परशराम मेश्राम यांनी निवडणुकीला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी करारात हितसंबंध असलेला माणूस उमेदवारीला अपात्र ठरतो, असा निर्णय फेब्रुवारी १९५४ मध्ये न्या. विवियन बोस यांच्या निकालपत्रात आला. त्याच निकालात आणखी एक प्रश्न होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता, पण ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत, असे म्हणून तो नाकारण्यात आला होता. पंथ स्वीकारल्याने त्यांची जात सुटली नाही, अर्ज चुकीने नाकारला गेला, असे न्यायालयाने ठरवले आणि संपूर्ण निवडणूकच रद्द झाली. विडीचा करार आणि चक्रधरांचा पंथ, आपल्या मातीतल्या या दोन गोष्टींनी भारताच्या निवडणूक कायद्यात भंडाऱ्याचे नाव कायमचे नोंदवले. आजही कायद्याचे विद्यार्थी हा खटला अभ्यासतात.

या निकालामुळे १९५४ ची पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. दोन वर्षांपूर्वी उत्तर मुंबईत हीच जोडी एकत्र लढून हरली होती. त्या निवडणुकीत हजारो मते बाद झाली होती. दुसरे मत वाया घालवा, असा प्रचार विरोधकांनी मुद्दाम केला, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता दोघेही न्यायाधिकरणाकडे गेले होते. मत कुजवणे म्हणजे काय असते, हे बाबासाहेबांनी स्वतः सोसले होते.

भंडाऱ्यात मत कुजवण्याचा मोह त्यांच्याच कार्यकर्त्यांना झाला. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, म्हणजे इतर उमेदवारांच्या तुलनेत त्यांचे पारडे जड होईल, असा विचार काहींनी मांडला. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला आणि दुसरे मतही द्यायला सांगितले, ही आठवण विदर्भातल्या आंबेडकरी चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ज्यांनी प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या मताचा हक्क घटनेत आणला, ते आपल्या विजयासाठी एका नागरिकाचे अर्धे मत जाळायला सांगणार नव्हते.

निकाल सर्वांना माहीत आहे. अशोक मेहता जिंकले आणि बाबासाहेब हरले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना मिळाली. मतदार तेच, मतदानाचा दिवस तोच, आणि आघाडीचा एक जोडीदार लोकसभेत गेला, दुसरा बाहेर राहिला. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मतदारांनी शब्द पाळला, पण दुसऱ्या बाजूचे दुसरे मत तितक्या निष्ठेने परत आले नाही, हे निकालावरूनच दिसते. मला या पराभवाची आजही लाज वाटते. आमच्या जिल्ह्याने देशाच्या इतिहासातली एक मोठी संधी गमावली. बाबासाहेबांचा त्यानंतर लोकसभेत प्रवेश झालाच नाही.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. दुसरे मत गेले, पण प्रश्न राहिला. आज ज्याच्या पक्षाचा उमेदवार उभा नाही, असा प्रत्येक मतदार त्याच अवस्थेत असतो. २००४ ते २०१९ या काळात लोकसभेची ही जागा प्रत्येक निवडणुकीत आघाडीत राष्ट्रवादीच्या वाट्याला गेली. भंडाऱ्यातल्या कट्टर काँग्रेसवाल्याने पंधरा वर्षे पंजा सोडून घड्याळासमोरचे बटण दाबले. २०२४ मध्ये जागा काँग्रेसकडे आली आणि मतदानयंत्रावरून घड्याळ गायब झाले. एकेकाळी पटेलांसाठी भाजपशी भांडलेल्या कार्यकर्त्याला कमळासाठी फिरायला सांगण्यात आले, तर शरद पवारांसोबत राहिलेल्याला पंजासाठी. या माणसाला त्याच्या पक्षाने काय दिले? वरून आलेला आदेश, एवढेच.

आणि आदेश देणाऱ्यांची आपापसातली निष्ठा किती टिकते, हे त्याने जवळून पाहिलेले असते. मे २०२२ मध्ये मुंबईत महाविकास आघाडीचे सरकार होते. त्याच वेळी गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी भाजपसोबत गेली आणि भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसने भाजपच्या फुटीर गटाला सोबत घेतले. नाना पटोले काँग्रेसमधून निघाले, २००९ ला अपक्ष लढले, २०१४ ला भाजपकडून प्रफुल्ल पटेलांना दीड लाखाच्या फरकाने हरवून खासदार झाले आणि पुन्हा काँग्रेसमध्ये आले. २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीकडून जिंकलेले मधुकर कुकडे पूर्वी तुमसरचे भाजपचे आमदार होते. भाजपचे माजी मंत्री राजकुमार बडोले २०२४ ला अर्जुनी-मोरगावातून घड्याळावर निवडून आले. यातल्या कोणालाही मी एकट्याला दोष देत नाही. पण ज्या जिल्ह्यात नेते इतक्या सहज घरे बदलतात, तिथे मतदाराने मात्र सांगेल त्या चिन्हाला निष्ठेने मत द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

२०१८ ची पोटनिवडणूक याला अपवाद वाटू शकते. तेव्हा विरोधकांची एकजूट खरोखर मतांत उतरली. यंत्रांच्या बिघाडामुळे ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले, मे महिन्याच्या उन्हात लोक पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि कुकडे ४८,०९७ मतांनी निवडून आले. हे कशामुळे घडले? त्या निवडणुकीला एक विषय होता. पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सत्ताधारी पक्षाची खासदारकी सोडली होती. धान उत्पादकाला वाटले, आपल्या दुखण्याबद्दल कोणीतरी काही सोडले आहे. त्या वेळी दोन पक्षांच्या मतदारांना जोडणारा धागा धानाचा होता. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, तो धागा तुटला आणि आघाडी तीच असूनही दोन लाखांनी हरली.

धानाचे काय झाले ते पाहा. केंद्राचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,१८३ रुपये होता, २०२४-२५ मध्ये २,३०० झाला. त्यावर राज्याने द्यायचा बोनस कधी क्विंटलमागे ७०० रुपये होता, मग एका हंगामात मिळालाच नाही, मग हेक्टरी रक्कम आली आणि २०२३-२४ ला ती हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी झाली. या काळात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. दिवाळी झाली तरी खरेदी केंद्र सुरू होत नाही, बारदाना नसतो, गोदाम भरलेले असते, चुकारे महिनोन् महिने अडकतात. तोवर गरजेपोटी शेतकरी हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला धान घालून मोकळा होतो. बोनस किती मिळणार हे रोवणीच्या वेळी त्याला ठाऊक नसते. तो आकडा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होतो.

गोसीखुर्द धरण प्रकल्पाची गोष्ट याहून जुनी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पवनी भागातल्या ज्यांची गावे बुडाली, त्यांचे पुनर्वसन आणि ज्यांच्या शेतात पाणी यायचे, त्यांचे कालवे, दोन्ही अजून पूर्णत्वाला गेले नाहीत. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे, वैनगंगेत येते आणि त्याच वैनगंगेचे पाणी भंडाऱ्याने प्यावे लागते. साकोलीजवळ मुंडीपारला भेलचा कारखाना येणार म्हणून २०१३ मध्ये भूमिपूजन झाले. कारखाना आला नाही. या सगळ्या काळात दिल्लीत आणि मुंबईत प्रत्येक आघाडी सत्तेत बसून गेली आहे.

आपल्या कायद्यात निवडणूकपूर्व आघाडीला स्थान नाही. पक्षांतरबंदीचा १९८५ चा कायदा खासदाराला पक्षाशी बांधतो, पक्षाला मित्रपक्षाशी बांधत नाही आणि मतदाराशी तर नाहीच. राज्यपातळीचे संयुक्त जाहीरनामे निघतात, पण त्यात भंडाऱ्याला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. म्हणून माझी एक साधी मागणी आहे. लोकसभेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आघाडीने या मतदारसंघापुरता एका पानाचा करार मराठीत छापावा. धानाच्या बोनसची रक्कम आणि ती जाहीर करण्याची तारीख, खरेदी सुरू होण्याचा दिवस, चुकारे देण्याची मुदत, गोसीखुर्दच्या पुनर्वसनाचे टप्पे, नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी खासदार कुठे आणि काय मागणार, एवढेच त्यात असावे. आणि त्यावर उमेदवाराच्या पक्षाबरोबर आघाडीतल्या प्रत्येक पक्षाच्या दोन्ही जिल्हाध्यक्षांनी सही करावी.

ज्या पक्षाचा उमेदवार नाही त्याची सही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो पक्ष आज मते मागतो, पण उद्या जबाबदार राहत नाही. ‘खासदार त्यांचा होता’ असे म्हणून मोकळा होतो. त्याची सही असेल, तर त्याच्या मतदाराला पाच वर्षांनी विचारण्याचा हक्क राहील.

कोणी म्हणेल, कागदाला कोण विचारतो? सही केलेला कागदही नेते विसरतील. विसरतील, हे खरे. पण आज तर विसरायलाही काही नाही. तोंडी आश्वासन सभेबरोबर विरून जाते. गावच्या चावडीवर लावलेला करार पुढच्या निवडणुकीत त्याच चावडीवर वाचता येईल.

जून २०२४ मध्ये काँग्रेसला वाटले, हा कौल आपला झाला. नोव्हेंबरमध्ये तो गेला. आता महायुतीला तसे वाटत असेल, तर तिनेही २०२९ ची वाट बेफिकीर राहून पाहू नये. या मतदारसंघातल्या माणसाने आपले मत कोणत्याही नेत्याच्या ताब्यात सात महिनेसुद्धा ठेवलेले नाही. त्याला चंचल म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्याला सावध म्हणतो. ज्याला कोणी लेखी काही देत नाही, त्याच्याजवळ दर वेळी नव्याने ठरवण्याशिवाय दुसरे साधन नसते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या प्रचारात आपल्या दारी कमळ, पंजा, घड्याळ, धनुष्यबाण, मशाल, तुतारी, जे कोणी येईल, त्याला आधी करार मागा. उमेदवाराबरोबर आलेल्या मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यालाही मागा. नसेल, तर तो घेऊन या आणि मग मत मागा, असे तोंडावर सांगा. मात्र मतदानाच्या दिवशी घरी बसू नका आणि मत वाया घालवू नका. बाबासाहेबांना याच मतदारसंघात ते मान्य नव्हते.