एकाचा जीव आणि अनेकांचे रक्षण

परिसंस्थाशास्त्र आणि वन्यजीव-संवर्धन यांच्या उच्च शिक्षणासाठी न्यूझीलंडला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो, तो विज्ञानाचा नसून धर्मविचाराचा असतो. कारण प्राणी वाचवण्याची विद्या शिकण्यासाठी तो ज्या देशात जातो, तेथे त्या विद्येचा एक आवश्यक भाग म्हणजे प्राणी मारणे हा आहे. वटवाघळे सोडली तर त्या बेटांवर मूळचा एकही भूचर सस्तन प्राणी नव्हता, आणि म्हणूनच काकापो या न उडणाऱ्या पोपटासारखे पक्षी तेथे जमिनीवर निर्धास्तपणे वावरू शकले. पुढे माणसाबरोबर उंदीर आले. एकोणिसाव्या शतकात कातड्याच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून पोसम हा पोटाला पिशवी असणारा प्राणी आणला गेला, आणि १८८० च्या दशकात, माजलेल्या सशांना आवर घालण्यासाठी, पक्षितज्ज्ञांचा विरोध डावलून, स्टोट हा लहानसा चपळ मांसभक्षक सोडण्यात आला. १९९५ मध्ये अवघे ५१ काकापो ज्ञात होते. २०१६ मध्ये तेथील सरकारने उंदीर, स्टोट आणि पोसम यांना २०५० पर्यंत देशातून पूर्णपणे नाहीसे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि त्यासाठी सापळे व विषारी आमिषे यांचा वापर होतो. मुंग्यांना साखर घालणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे सर्व केवळ तंत्र म्हणून शिकता येईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

संवर्धन-जीवशास्त्र ही मूल्यनिरपेक्ष विद्या असल्याचा दावा तिच्या प्रवर्तकांनीही केलेला नाही. मायकेल सूले यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात जीवांची विविधता ही स्वतःच इष्ट आहे, हे या विद्येचे एक गृहीतक म्हणून स्पष्टपणे मांडले. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील भूमि-नीतीतही, म्हणजे माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून एक समाज होतो या विचारात, कृतीचे मोजमाप त्या समाजाच्या स्वास्थ्यावरून होते. उलट, टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये असा आक्षेप घेतला की समष्टीसाठी व्यक्तीचा बळी देणारी ही नीती हुकूमशाहीच्या वळणाची आहे. हा वाद विद्यार्थ्याला परदेशातील वर्गात भेटतो. पण त्याचे अधिक धारदार रूप आपल्याच परंपरेत आहे, याची कल्पना त्याला बहुधा नसते.

सुमारे दहाव्या शतकातील दिगंबर जैन आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात नेमका हाच युक्तिवाद पूर्वपक्ष म्हणून घेतला आहे. एका हिंस्र प्राण्याला मारल्याने अनेकांचे रक्षण होते, असे मानून त्याला मारू नये, असा त्यांचा निर्णय आहे. इतकेच नव्हे, तर तो प्राणी जिवंत राहिल्यास आणखी पाप जोडील म्हणून दयेपोटी त्याला मारावे, ही पळवाटही त्यांनी बंद केली आहे. यामागील भूमिका अशी की जीव हा एकेकटा असतो, आपले कर्म तो स्वतः भोगतो, आणि जाती नावाच्या वस्तूला सुखदुःख नसते. न्यायदर्शनाचा आधार घ्यावा, तर तेथे जाती म्हणजे अनेक व्यक्तींत समानपणे असणारा धर्म, आणि तो नित्य मानलेला आहे. मग शेवटचा काकापो मेल्याने काकापोत्व नष्ट होत नाही, असेच म्हणावे लागेल. बौद्ध तार्किकांच्या मते तर सामान्य, म्हणजे अशी जाती, ही बुद्धीने केलेली कल्पना आहे. तेव्हा प्रजाती वाचवण्यासाठी व्यक्ती मारण्याचे समर्थन यांपैकी कोणत्याही दर्शनातून सहजासहजी निघत नाही, हे मान्य केले पाहिजे. (प्राचीन भारतीय विचार ‘पर्यावरणवादी’ होता, असे सरसकट सांगणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे.)

तथापि अमृतचंद्रांच्या पूर्वपक्षातील हिंस्र प्राणी आपल्या स्वभावाने आणि आपल्या ठिकाणी हिंस्र असतो. स्टोटला मात्र त्या बेटांवर माणसाने, हिशेब करून, नेऊन सोडले. पिलांची जी हत्या तो करतो तिचा काही वाटा आणणाऱ्याकडे जातो, आणि हात आवरून बसणे ही त्याच हिंसेची पुढची पायरी ठरते. हा युक्तिवाद बलवान आहे, पण निर्दोष नाही, कारण ऋण माणसाचे आणि ते फेडतो स्टोट. जैन विचारातील द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष प्राणहरण, आणि भावहिंसा, म्हणजे त्यामागील द्वेष किंवा बेपर्वाई, हा भेद येथे उपयोगी पडतो. सापळ्यात सापडलेला प्राणी किती वेळात बेशुद्ध होतो हे मोजून सापळ्यांची परीक्षा करण्याची पद्धत न्यूझीलंडमध्ये आहे, आणि तिच्यामुळे दुसऱ्या प्रकारची हिंसा कमी होते; पहिली जशीच्या तशी उरते. सापळा लावणे आवश्यक ठरू शकते, परंतु ते पुण्यकर्म ठरत नाही, एवढाच निष्कर्ष प्रामाणिकपणे काढता येतो.

पदवी घेऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न भारतात उलट्या बाजूने भेटतो. माळढोक हा अतिशय दुर्मीळ झालेला पक्षी जमिनीवर अंडी घालतो, आणि त्याच्या अधिवासात फिरणारी मोकाट कुत्री हा त्याला असलेल्या धोक्यांपैकी एक धोका मानला जातो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माळढोकला सर्वोच्च संरक्षण देतो, तर प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केलेले २०२३ चे नियम मोकाट कुत्र्यांसाठी निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचा मार्ग घालून देतात. पहिल्या कायद्याची दृष्टी प्रजातीवर आहे आणि दुसऱ्याची एकेका जीवावर, आणि माळरानावर दोन्ही एकाच वेळी लागू आहेत.